कालव्याच्या काठानं सायकल : वाचकांचे प्रश्न

ग्रॅव्हल सायकल म्हणजे खाली वळलेलं हँडल, डिस्क ब्रेक आणि ३८ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली, मुरमाच्या नि मातीच्या वाटांवर दिवसभर चालवता येईल अशी सायकल. या वेळच्या पत्रांत सायकलीपेक्षा वाटेबद्दलचे प्रश्न जास्त होते. बरंच झालं. सायकल एकदा घेतली की घेतली, वाट मात्र दर पावसानंतर बदलते.

नीरेपासून बारामतीपर्यंत नीरा डाव्या कालव्याच्या काठानं जायचा विचार आहे. कोणता काठ धरावा, कधी जावं, परवानगी लागते का? (एक वाचक, पुणे)

नदीकडचा काठ धरा. कालवा समपातळीच्या रेषेनं, चढाच्या कडेकडेनं नेलेला असतो. वरच्या अंगाला खोदाई, खालच्या अंगाला त्याच मातीचा भराव, आणि तपासणीचा रस्ता बहुतेक त्या भरावाच्या माथ्यावर. डावा-उजवा हे नाव प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरतं. नीरा पूर्वेकडे वाहते, म्हणजे डावा कालवा नदीच्या उत्तरेला. बारामतीकडे निघालात की पाणी डाव्या हाताला राहिलं पाहिजे. पलीकडे लोणंद-फलटणच्या अंगाला उजवा कालवा आहे, तिथं हे सगळं उलट. चुकीच्या काठावर गेलात तर खोदाईतल्या मातीचे ढिगारे, वेडी बाभूळ आणि वरून येणारे ओढे, असा तुकड्या-तुकड्यांचा प्रवास होतो आणि पुढचा पूल येईपर्यंत काठ बदलता येत नाही.

डांबरी रस्त्यानं हे अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. कालवा प्रत्येक टेकाडाला वळसा घालत जातो, म्हणून वेळ दीडपट धरा. निंबूत, सोमेश्वरनगर, करंजेपूल, वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव ही गावं वाटेवर किंवा वाटेजवळ आहेत; कंटाळा आला की डांबर गाठता येतं. (या पट्ट्यात मुरूम नावाचं एक गावही आहे. ग्रॅव्हलवाल्यांनी तिथं फोटो काढायला हरकत नाही.)

कालव्याला उतार नावापुरता असतो, त्यामुळे इथला चढ म्हणजे वारा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून जोरात येतो, तेव्हा नीरेहून बारामतीकडेच जा. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि नंतर पूर्वेकडून सुटतो. तेव्हा बारामतीहून निघालेलं सोयीचं.

रस्ता तुटतो तो ठरलेल्या जागी. ओढ्यावरून कालवा जलसेतूनं जातो, तिथं वाट खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढते. सांडव्यापाशी भराव कापलेला असतो. दरवाजे आणि वितरिकांच्या तोंडाशी साखळी किंवा लोखंडी आडवा खांब असतो. उपग्रहाच्या नकाशावर आदल्या दिवशी या जागा मोजून ठेवा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं जातात आणि अशा वीस जागा असल्या तर संध्याकाळचं गणितच बदलतं.

आता पाण्याचं. वीरच्या धरणातून पाणी आवर्तनानं सुटतं. तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. पाणी चालू असताना काठ देखणा दिसतो, पण जिथं अस्तरीकरण (काँक्रीटचं अस्तर) नाही तिथं पाझरामुळे भरावाची बाहेरची कड मऊ होते. चाक रस्त्याच्या मध्यावर ठेवा, बाहेरच्या कडेवर नाही. गवत अचानक हिरवंगार दिसलं किंवा पायाखाली लिबलिबीत लागलं की उतरून चाला. अशा जागी खेकडे आणि घुशींची बिळं असतील तर वरून रस्ता सलग दिसतो आणि आत पोकळी असते. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली, तेव्हा उंदीर-घुशींवर खापर फोडलं गेलं आणि त्यावर विनोदही भरपूर झाले. मातीच्या भरावाला बिळं पोखरतात हे मात्र कुठल्याही पाटकऱ्याला विचारा. आमच्या मते आवर्तन बंद होऊन आठवडा झाला की वाट सर्वांत चांगली असते. दोन्ही हवं असेल, पाणीही आणि कोरडा रस्ताही, तर जिथं काँक्रीटचं अस्तर झालं आहे ते तुकडे निवडा.

अस्तराच्या बाजूनं पाण्यात उतरू नका, बाटली भरायलासुद्धा नाही. तिरप्या काँक्रीटवर शेवाळ असतं, पाय सरकला की धरायला काही नसतं आणि बाहेर यायला पुढच्या पायऱ्यांपर्यंत वाहत जावं लागतं. पट्टीचा पोहणाराही तिथं हतबल होतो.

परवानगीबद्दल: हा रस्ता जलसंपदा विभागाचा तपासणीचा रस्ता आहे, सार्वजनिक रस्ता नव्हे. गावकरी वापरतात, एक-दोन सायकलस्वारांना सहसा कुणी हटकत नाही. कुणी हटकलंच तर वाद न घालता डांबरावर उतरा. पंधरा-वीस जणांची फेरी काढायची असेल तर पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या.

गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पुलावरून कालवा ओलांडतात. दोन्ही बाजूंना उभा ऊस असला की आवाज येतो आणि ट्रॅक्टर दिसत नाही. वाटेत पडलेलं उसाचं टिपरू चाकाखाली आलं तर गोल फिरतं; ते तिरपं नाही, काटकोनात ओलांडायचं. जाता जाता एक: या खोऱ्यात जो ऊस सर्वत्र दिसतो त्या को ८६०३२ या वाणाचं नावच ‘नीरा’ आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं तो दिला, आणि पाडेगाव नीरेच्या अगदी पलीकडे.

आमच्याकडे सगळी काळी जमीन. एक पाऊस झाला की चाकं फिरायची बंद होतात. रुंद टायर घालू की अरुंद? (एक वाचक, लातूर)

टायर बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि स्वतःलाच चिकटते. टायरवर एक थर बसला की पुढचा थर त्या थरावर बसतो. ४० चा टायर आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर जागा असेल तर चाकाच्या दहा-बारा फेऱ्यांत ती भरते. थोडा अरुंद टायर, म्हणजे ४५ ऐवजी ३८, घातला तर जागा वाढते आणि शंभर पावलं जास्त मिळतात, एवढाच फायदा. मडगार्ड असतील तर घरी काढून ठेवा.

निघण्यापूर्वी माती तपासा. रस्त्यातली चिमूटभर माती तळहातांत वळून वात करा. तीन मिलिमीटर जाडीची, काडीएवढी, वात न तुटता वळली गेली तर त्या वाटेनं आज जायचं नाही. भुगा झाला किंवा तुकडे पडले तर निघा. मुरमाच्या वाटा पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत चालवण्याजोग्या होतात. काळ्या मातीला चांगलं ऊन असलं तरी दोन-तीन दिवस द्यावे लागतात. म्हणून मार्ग आखताना मुरूम कुठून कुठपर्यंत आणि काळी कुठून, हे नकाशावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. उपग्रहाच्या चित्रात मुरूम तांबूस-पिवळा दिसतो, काळी ओळखायला चष्माही लागत नाही.

तरीही अडकलात, तर एकच गोष्ट करायची नाही: पेडलवर उभं राहून जोर लावायचा नाही. चिखलानं मागचं चाक आणि डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) धरलेला असताना जोर दिला की साखळी डिरेलरला ओढून चाकात घालते, हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, लातुरात काय पुण्यातही लगेच मिळेलच असं नाही. एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, बांधावरच्या गवतातून चाला. चिखल ओला असताना ओरबाडत बसू नका, पिण्याचं पाणीही त्यावर ओतू नका. अर्धा तास उन्हात ठेवली की ढेकळं काडीनं सुटतात. जिथं टायर फ्रेमला घासतो तिथं, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही नळ्यांच्या आतून, जाड पारदर्शक टेप लावून ठेवा; काळ्या मातीतला खडा रंग खरवडतो आणि कार्बनची फ्रेम असेल तर त्याहून जास्त.

पाटाच्या काठानं गेलो की दर फेरीला दोन-तीन पंक्चर. ट्यूबलेस केल्यानं खरंच फरक पडतो का? (एक वाचक, राहुरी)

पडतो, पण दोन काटे वेगळे ओळखा. सराटा जमिनीवर पसरतो, त्याचा काटा आखूड आणि एका टायरमध्ये एका वेळी वीस-वीस बसतात. बाभळीचा, विशेषतः वेड्या बाभळीचा, काटा लांब नि कठीण. तो टायरमधून आरपार जाऊन कधी कधी रिमच्या टेपला टोचतो. सराट्याला ट्यूबलेसमधला, भोक आपोआप बुजवणारा द्रव पुरतो. बाभळीला बहुतेकदा पुरतो, नेहमी नाही.

ट्यूबलेसमध्ये ७०० बाय ४० च्या टायरला पहिल्यांदा ८० ते ९० मिलिलिटर द्रव घाला. डब्यावर कमी लिहिलेलं असलं तरी नव्या टायरच्या भिंती थोडा पितात. आपल्या हवेत हा द्रव दोन महिन्यांत सुकायला लागतो, फेब्रुवारी ते मे या काळात त्याहून लवकर. चाक काढून कानाशी हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढून आणखी ४०-५० मिलिलिटर. बहुतेक तक्रारी ‘ट्यूबलेस करूनही पंक्चर’ अशा असतात आणि टायर उघडला की आत सुकलेल्या रबराच्या पापड्या निघतात.

वाटेत लांब काटा दिसला तर उपटायची घाई नको. आधी पंप हाताशी घ्या. काटा सरळ ओढा, भोक लगेच खाली, जमिनीकडे, येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट तसंच धरा, म्हणजे द्रव भोकावर साचतो. आधी फवारा, मग बुडबुडे, मग ओला ठिपका. बुडबुडे थांबत नसतील तर रबराची वात भोकात घालून बाहेरचं टोक तीन मिलिमीटर ठेवून कापा. सराटे मात्र वाटेत काढू नका. वीस भोकं एकदम उघडली तर द्रव आणि हवा दोन्ही जातात. घरी एकेक काढा, दर काट्यामागे चाक फिरवत.

गॅसच्या नळकांड्यांनी हवा भरली तर आतला गारवा लेटेक्सचा द्रव गोठवू शकतो. हातपंप बरा: ४० च्या टायरला दीड-दोनशे फटके. ट्यूबच ठेवायची असेल तर व्हॉल्व्हचा गाभा सुटणारी ट्यूब घेऊन तिच्यात द्रव घाला, आणि पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट नव्हे, फडकं. जिथं धागा अडकेल तिथं काट्याचं टोक राहिलेलं असतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होतं त्याचं कारण हेच.

हवा किती ठेवू? दुकानदार ६० सांगतो. (एक वाचक, नाशिक)

साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त. स्वाराचं वजन ७० किलो धरून: ४० चा ट्यूबलेस टायर, पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय, ट्यूब असेल तर ३८ आणि ४२, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात. ४५ चा ट्यूबलेस असेल तर २६ आणि २९. वजनात दर पाच किलोमागे एक-दीड पीएसआय वर-खाली करा. सकाळी १५ अंशाला भरलेली तीस पीएसआय हवा दुपारी टायर ४० अंशाला तापला की चौतीसच्या आसपास जाते, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी थोडी कमीच भरा. टायरची कड धरायला हूक नसलेला रिम असेल तर ७२ च्या वर कधीच नाही.

जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. ग्रॅव्हल सायकल घ्यायलाच हवी का? (एक वाचक, सांगली)

नको. तिला पुढे कडक फोर्क असेल किंवा सस्पेंशन लॉक होत असेल तर जाड गोट्यांचे टायर काढून दोन इंची, मधोमध गुळगुळीत नि कडेला गोटे असलेले टायर घाला. हजार-पंधराशे किलोमीटर चालवा. त्यानंतरही वाऱ्यात खाली वाकावंसं वाटलं तर पैसे खर्चा.

आमच्या भागात नहराच्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवरून सायकल चालवतो. नागझिऱ्याच्या बाजूला जंगलातून जाता येईल का? (एक वाचक, भंडारा)

नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. आतल्या क्षेत्रात सायकल चालत नाही, प्रवेश फक्त ठरलेल्या दरवाजांतून आणि ठरलेल्या वाहनांतून. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. बफरमधले, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातले, गावोगावचे रस्ते दिवसा वापरता येतात, पण त्या आठवड्यात त्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत) काय चाललं आहे ते वनरक्षकाला विचारूनच. तो ‘नका जाऊ’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे झाडाखाली माणसं असतात आणि अस्वलंही. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर जंगलपट्ट्यात राहू नका. हेडफोन घालू नका. गटानं जा आणि बोलत जा.

नकाशाचा एक सापळा: उपग्रहाच्या चित्रात जंगलातून जाणारी सरळ, रुंद, मोकळी पट्टी दिसते आणि वाटतं रस्ताच. ती बहुधा जाळरेषा असते, वणवा पुढे जाऊ नये म्हणून झाडोरा कापून, जाळून ठेवलेली. तिच्यात रोपट्यांचे तिरपे कापलेले खुंट उभे असतात, भाल्याच्या टोकासारखे. ते टायरच्या तळात नाही, बाजूच्या भिंतीत घुसतात, आणि भिंत फाटली की द्रवही चालत नाही आणि वातही. अशा वेळी आतून जाड कापड किंवा टूथपेस्टच्या नळीचा तुकडा लावून ट्यूब घालायची.

मामा तलावांच्या पाळी त्या मानानं सुखाच्या. तुडमापाशी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या जागी, वाट अरुंद होते, तिथं उतरा. रोवणीच्या दिवसांत पाळीवरून बैल नि माणसांची ये-जा असते आणि पाळ ओली असते. तेव्हा पाळ त्यांची. नोव्हेंबरात धान कापून झालं की तुमची.

दिवाडी आणि चोडण बेटांवर खाजनांच्या बांधावरून सायकल नेता येईल का? (एक वाचक, फोंडा)

बेटांवरच्या रस्त्यांवर बिनधास्त न्या. रायबंदरहून किंवा जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं सायकल सहज जाते. बांधाचं मात्र जपून. खाजनाचा बांध माती आणि जांभ्याचा, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला. माथा अरुंद, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेत. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजापाशी, उतरून सायकल हातानं न्या, तिच्या फळ्यांवरून चालवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध ओला असतो. चाकाची चाकोरी पडली की पुढच्या भरतीला पाणी तिथूनच वाट काढतं, आणि पलीकडे कुणाचं तरी कोरगुटाचं (खारं पाणी सोसणाऱ्या भाताचं) शेत असतं. भरती-ओहोटीची वेळ पाहून निघा, ओहोटी लागल्यावर दोन तासांनी.

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, ही दंतकथा नव्हे. त्या काठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पूजतात. पाण्याच्या कडेला बसून सायकल धुऊ नका.

घरी आल्यावर मात्र गोड्या पाण्यानं त्याच दिवशी धुवा. दाब मारून नव्हे, साध्या नळानं. जोराची धार बेअरिंगांत खार घालते. साखळी पुसून, वाळवून तेल द्या. पावसाळ्यात जांभ्यावर हिरवं शेवाळ असलं की ब्रेक वळणाआधी, सरळ असतानाच लावायचा. रेझिनची ब्रेक पॅड या दिवसांत भराभर झिजतात, धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, फक्त आवाज करतात.

आम्ही व्हर्जिनियात राहतो. मंडळातले चौघे मिळून पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन सायकलनं जायचं म्हणतो आहोत. भारतातून आलेल्या, सवय नसलेल्या माणसाला जमेल? (एक वाचक, फेअरफॅक्स)

जमेल, सात दिवस ठेवले तर. पिट्सबर्ग ते कंबरलंड ही ‘गॅप’ (ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज) वाट १५० मैल, जुन्या रेल्वेच्या मार्गावर बारीक चुनखडी दाबून केलेली. पुढे कंबरलंड ते जॉर्जटाउन सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याची खेचरवाट १८४.५ मैल. खेचरांनी बोटी ओढायच्या म्हणून ती जवळजवळ सपाट; सगळा उतार ७४ लॉकांपाशी (बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांपाशी), सहाशे फुटांच्या आसपास.

पिट्सबर्गहूनच निघा. २,३९२ फुटांवरचा जलविभाजक त्या बाजूनं सव्वाशे मैलांत हळूहळू येतो, कंबरलंडहून तोच चोवीस मैलांत. माथ्याजवळचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात, म्हणून मे ते ऑक्टोबर. गॅपला ३५ चा टायर पुरतो, पण सायकल एकच असणार, तेव्हा ४० घाला: सी अँड ओवर पाऊस झाला की चिकणमातीची डबकी नि झाडांची मुळं आहेत. इथं मडगार्ड हवेतच. लातूरच्या उत्तराच्या बरोब्बर उलट, कारण ही माती पातळ होऊन उडते, चिकटून बसत नाही. पॉ पॉ बोगदा ३,११८ फुटांचा आहे, आत दिवे नाहीत, काठ अरुंद. हँडलवरचा दिवा लावून सायकल हातानं ढकलत न्या.

मुक्कामाला सी अँड ओवर दर काही मैलांवर फुकट तंबूची जागा आहे, हातपंपासह. पाण्यात आयोडीन घालतात, कुणाला चालत नसेल तर गाळणी घ्या. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या पंपांचे दांडे काढून ठेवलेले असतात.